पोळ्याच्या दिवशीचा लाल दिवा

आमच्या मोटारीची किल्ली फिरवली की समोरच्या पाटीवर गुंजेएवढा एक लाल दिवा लागायचा. इंजिन सुरू झालं, डायनामो फिरून वीज करू लागला, की तो आपोआप विझायचा. दिवा विझला म्हणजे बॅटरीत भर पडते आहे. नाही विझला तर बॅटरी नुसती खर्च होते आहे, आणि पुढे कुठेतरी रस्त्यात गाडी उभी राहणार आहे. एवढं त्याचं सांगणं.

पोळ्याच्या सकाळी तो विझला नाही.

जानेफळातली सगळी माणसं त्या वेळी बैल धुवायला नाल्याकडे निघाली होती. मीही त्यांच्यामागून मोटार धुवायला काढली होती, कारण माझ्याकडे धुवायला दुसरं काही नव्हतं. मोटार घ्यायला मी बैलजोडी विकली होती. आदल्या संध्याकाळी गावात घरोघर बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण दिलं गेलं, तेव्हा आमचा गोठा रिकामा होता आणि मी दुकानात बसून कापडाचे तागे मोजत होतो. पहिलंच वर्ष होतं तसं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत होतो.

मोटार जुनी विलायती होती. झाकण दोन्ही बाजूंनी पंखासारखं उघडायचं, आणि बॅटरी मेली तर पुढे हँडल घालून फिरवता यायची. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. तिच्यावरची नंबराची पाटी अजून जुन्या प्रांताची होती. ती मी माझ्या बायकोच्या भावाकडून घेतली होती, मोताळ्याहून. आणि ती कशी घेतली हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी कापडाचा व्यापारी. पाठीवर गाठोडं घेऊन सुरुवात केली. आज मेहकरचा बाजार, उद्या दुसऱ्या गावचा. मग बैलगाडी झाली, मग जानेफळात दुकान. जन्मात मी सांगितल्या भावाला वस्तू घेतलेली नाही. मीठसुद्धा नाही. समोरचा आकडा बोलला की माझ्या अंगात काहीतरी उभं राहतं. पण बायकोचं माहेर जमीनजुमल्याचं. लग्नात तिकडचे लोक मला ऐकू जाईल अशा बेतानं 'गाठोडेवाला जवाई' म्हणाले होते. ते मी विसरलो नव्हतो, आणि विसरण्याची मला घाईही नव्हती.

मेहुण्याला नवी मोटार घ्यायची होती म्हणून जुनी काढायची होती. मी गेलो. ओसरीवर चार माणसं बसलेली. बायको आत, दाराशी. मेहुण्यानं एक आकडा सांगितला, जरा चढाच. मी घसा साफ केला, तेवढ्यात तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, "जवाईबापूसंगं कायचा सौदा? पटलं तर द्या, नाई तर घरची समजून तशीच घेऊन जा."

आता फुकट न्या म्हणणाऱ्या माणसाशी घासाघीस कशी करायची? केली तर मी भिकारी, फुकट नेली तर त्याहून भिकारी. मी सांगितलेला सगळा आकडा दिला. ओसरीवरचे लोक मान डोलावत होते. मेहुणा हसत होता. बाजारात तीस वर्षं काढलेला माणूस असा कोपऱ्यात घेतलेला मी दुसरा पाहिला नाही. वर तो म्हणाला, "डायनामो खामगावाहून नव्या तारेनं भरून आणला. त्याच्याकडं पाहाचंबी काम नाई."

म्हणून पोळ्याच्या सकाळी तो लाल दिवा विझला नाही, तेव्हा मला नुसता राग आला असं म्हणणं खोटं ठरेल. रागाबरोबर आणखी काहीतरी आलं. सापडला, असं वाटलं.

नाल्यावर न जाता मी मोटार तशीच मागे घेतली आणि अंगणात लावली. बायको दारात आली. तिची ट्रंक आदल्या दिवशीच भरून झाली होती. मेहुण्याला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला होता आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बारसं होतं. ही एकुलती एक आत्या. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. आईबाप नव्हते तिला. माहेर म्हणजे तो एक भाऊ. बाळासाठी तिनं कुंची आणि झबलं स्वतः शिवलं होतं, माझ्या दुकानातल्या चांगल्या ताग्यातून, मला न विचारता.

तिनं विचारलं, का परतलात. मी दिवा दाखवला. मग सांगून टाकलं, की डायनामो गेलेला आहे, तुझ्या भावानं मेलेली वस्तू मला जिवंत म्हणून विकली. दिवा विझला नाही तर उद्या मोताळ्याला जाणं नाही, आणि मोटार त्याच्या दारात परत जाईल. तिकडे मग माझा पाय नाही आणि तुझाही नाही.

ती म्हणाली, "तुमी आधी पाहा तरी."

पाहायला मला येत होतं. मेहकरच्या मिस्त्रीकडे मोटार नेली की मी खुर्चीवर चहा पीत बसणारा माणूस नव्हतो. तो काय उघडतो, काय पुसतो, काय बदलतो, सगळं डोकं खुपसून बघायचो. जो माल कळत नाही त्याचा भाव करता येत नाही. पोळ्याच्या दिवशी मिस्त्री आपल्या गावी गेलेला असणार, म्हणून मी पाने, स्क्रू-ड्रायव्हर काढले आणि झाकणाचा एक पंख उघडला.

पहिल्यांदा बॅटरी. टोकांवर हिरवट-पांढरा क्षार आला होता. गरम पाणी ओतून तो काढला, तारा घट्ट केल्या. हँडल मारलं. इंजिन सुरू, दिवा तसाच. मग बॅटरीतून मोटारीच्या अंगाला जाते ती जाड तार सोडवली, घासली, परत बसवली. दिवा तसाच. जोरात रेस केलं की क्षणभर मंद व्हायचा आणि पुन्हा माझ्याकडे बघायला लागायचा.

पंखा आणि डायनामो एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा ढिला असला तर डायनामो नीट फिरत नाही, हे मला माहीत होतं. अंगठ्यानं दाबून पाहिला. बरोबर ताणलेला होता. अंगठा काळा झाला, तो धोतराला पुसला आणि पुढे गेलो. खरं सांगायचं तर पट्ट्यात मला काही सापडायला नकोच होतं. माझं लक्ष डायनामोवर होतं.

त्याची परीक्षा मला ठाऊक होती. त्याच्या तारा सोडवून दोन टोकं एकत्र करायची, तिथून एक दिवा मोटारीच्या अंगाला जोडायचा आणि इंजिन चालवायचं. डायनामो चांगला असला तर दिवा लख्ख पेटतो. माझा दिवा पेटला, पण आजारी माणसाच्या डोळ्यासारखा. मी बायकोला हाक मारून दाखवला. ती पदराला हात पुसत आली, बघितलं आणि परत चुलीकडे गेली.

मग डायनामोच्या मागची पट्टी सरकवून आतले, तांब्यावर घासणारे कार्बनचे तुकडे बघितले. चांगले लांब होते. तांबंही स्वच्छ होतं. इथे मला थांबायला हवं होतं, कारण खराब डायनामो असा दिसत नाही. पण मी म्हणालो, आतलं वेटोळं जळालं असेल, ते बाहेरून दिसत नाही. तांबं बारीक पॉलिश-पेपरनं घासलं. परत सगळं बसवलं. दिवा विझला नाही. एवढ्यात रेडिएटरचं पाणीही खदखदायला लागलं, ते मी मेहुण्याच्या खात्यावर वेगळं टाकलं.

गावभर पुरणाचा आणि तुपाचा वास होता. माझ्या नाकात, हातात, झाकणाखाली, सगळीकडे तोच वास. वाड्यांतून बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा, शिंगं रंगवताना पोरांचा आरडाओरडा. मी उठायचो, बसायचो, रस्त्यापर्यंत जायचो, परत यायचो. एक पाना सापडत नव्हता म्हणून बायकोवर ओरडलो. तो माझ्याच खिशात होता.

दुपारी माझी माय ताट घेऊन बाहेर आली. ताटात पुरणपोळी, वर तूप, कडेला कढी-भजी. ती सरळ मोटारीपाशी गेली आणि पोळी पुढच्या लोखंडी पट्टीवर ठेवू लागली. मी म्हणालो, "काय करून राह्यली माय?"

"जेवाले बलावलं हाय त्याले," ती म्हणाली.

मी डोक्याला हात लावला. सांगितलं, की त्याला जेवण नको आहे, त्याला डायनामो हवा आहे, आणि तो मोताळ्याच्या चोरानं खाल्ला आहे. माय माझ्याकडे न बघता पोळी ठेवून गेली. ती पोळी कावळ्यानं नेली की कुत्र्यानं, मी बघितलं नाही.

बुलढाण्याकडे जाणाऱ्या यष्टीची वेळ झाली होती. मी स्टँडवर गेलो. तिथे एक मनियार उभा होता, बांगड्यांची पेटी घेऊन. बाजारात आमची दुकानं नेहमी शेजारी लागायची. तो रात्री बुलढाण्याला भावाकडे राहून सकाळी मोताळ्याला जाणार होता. मी त्याला निरोप दिला: माझ्या मेहुण्याला सांग, मेलेला डायनामो घालून मोटार विकलीस, येऊन घेऊन जा, पैसे परत आण, नात्याचं नंतर बघू.

मनियार म्हणाला, "सेठ, आज सण हाय. असा निरोप मी इसरून गेलो तर चालन का?"

मी त्याच्याकडून निरोप शब्द न् शब्द म्हणवून घेतला. दोनदा.

घरी आलो तर बायको ट्रंक उघडून बसली होती. साड्या परत कपाटात गेल्या होत्या. कुंची आणि झबलं मात्र ट्रंकेच्या झाकणावर तसंच होतं. ते ठेवायला आमच्या घरात जागाच नव्हती, घालणारं कोणी नव्हतं. निरोप गेला हे तिला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. संध्याकाळी तोरणाखाली बैलांची रांग लागली, डफडी वाजली, झडत्या, म्हणजे पोळ्याची खोचक गाणी, म्हटली गेली. मी गेलो नाही. बैल नसलेला माणूस तिथे काय करणार? मी अंगणात येरझारा घालत राहिलो आणि मेहुण्यापुढे बोलायची वाक्यं मनात जुळवत राहिलो. चांगली वाक्यं होती. अजून आठवतात.

सकाळी लवकर उठून मी मोटार पुन्हा सुरू केली. का केली सांगता येत नाही. जखमेवरची खपली जशी माणूस काढून बघतो तशी केली. चूल अजून पेटली नव्हती. माय गोठ्याच्या ओट्यावर दात घासत होती, बायको आत होती. गाव सणाच्या जेवणानंतर उशिरापर्यंत झोपलेलं. लाल दिवा होताच. मी झाकणाचा पंख उघडून नुसता उभा राहिलो. इंजिन तापलं, आणि तुपाचा वास आला.

आदल्या दिवशी तो वास गावाचा होता. आज गावात एकही चूल पेटलेली नव्हती. वास माझ्या मोटारीतून येत होता. तूप कढताना येतो तसा, थोडा करपट.

मी वाकून हुंगत राहिलो आणि एकदम मायचं कालचं बोलणं कानात वाजलं. जेवायला बोलावलं आहे त्याला. बोलावलं कधी? पोळ्याच्या दिवशी बैलाला कोणी बोलावत नाही. त्या दिवशी नुसतं वाढतात. बोलावणं आदल्या संध्याकाळचं. खांदे मळताना. तूप-हळदीनं खांदे मळायचे आणि म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. खांदे मळल्याशिवाय आवतण नाही, आणि आवतणाशिवाय ताट नाही.

मी इंजिन बंद केलं आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं. वरून काळा चिखल, आणि नखानं खरवडला तर खाली पिवळं. ज्या चाकांवरून पट्टा फिरतो त्यांच्या खोबणीतही पिवळं. पट्टा ताणलेला होता, पण तुपानं गुळगुळीत झाल्यावर तो चाकावरून नुसता घसरत होता. डायनामो पुरता फिरतच नव्हता, पंखाही नाही. दिवा विझणार कसा, आणि पाणी उकळणार नाही तर काय होणार.

मायला विचारलं. ती चूळ भरून शांतपणे म्हणाली, "हाव, मळले. परवा सांजीले, तू दुकानात होता तवा."

"पट्ट्याले?"

"मंग कोठं? त्याले खांदे हायेत का? तूच त्या शाळेच्या मास्तराले सांगत होता, सारी मोटार ह्या पट्ट्यावर हाय, हाच ओढते म्हून. जो ओढते त्याचे खांदे मळा लागते."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ती ऐकून घेत राहिली आणि मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "तूनं बैल इकले, मी काई बोलली का?"

मी आत जाऊन धुण्याचा सोडा आणि गरम पाणी आणलं. पट्टा उतरवला, चिंधीनं घासला, खोबण्या काडीला फडकं गुंडाळून पुसल्या, पुन्हा सोडा, पुन्हा पाणी, मग उन्हात वाळवला. परत चढवला. हँडल मारलं. पट्टा जरा किंचाळला, आणि दिवा विझला. रेस सोडली तरी विझलेलाच. इतका वेळ ज्याची वाट बघितली ते झालं, तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझी जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली होती.

बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं. मी म्हणालो, चल, ट्रंक भर, आत्ता निघालो तर बारशाला पोचतो.

ती हलली नाही. "दिवा इझला," ती म्हणाली. "निरोपाचं काय?"

निरोप तोपर्यंत मोताळ्यात पोचलेला असणार होता. मी म्हणालो, तिथे गेल्यावर सांगू, एक तार सुटली होती, ती बसवली. ती म्हणाली, तार सुटलेली नव्हती. आणि तार सुटली म्हटलं तर भावानं सुट्या तारांची मोटार विकली असं होतं. मी म्हणालो, बरं, मग काहीच सांगू नये, मोटार आपोआप नीट झाली. ती म्हणाली, म्हणजे दोष त्याच्यावरच राहिला. मी आणखी एक पायरी उतरलो. त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगतो. ती म्हणाली, निरोप मनियारानं चारचौघांत दिला असेल, तर उत्तरही चारचौघांतच द्यावं लागेल.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या घरात माझ्या तोडीचं सौदा करणारं माणूस आहे आणि इतकी वर्षं ते गप्प बसलं होतं. शेवटी मी तराजूत माझा मोठा दगड टाकला. "म्हंजे तुह्या भावाच्या दारात माह्या मायचं हसं करू?"

"मायचं नका करू," ती म्हणाली. "माह्यं नाव सांगा. मी मळले म्हून सांगा. पण त्यानं फसवलं नाई एवढं सांगा. नाई तर मी येत नाई. त्या घरात चोराची बहीण म्हून नाई जात मी."

ट्रंक भरली. निघालो. मेहकर, चिखली, बुलढाणा, आणि मग राजूरचा घाट. ती शेजारी कुंची मांडीवर घेऊन बसली होती. मी एक डोळा रस्त्यावर आणि एक त्या विझलेल्या दिव्यावर ठेवून चालवत होतो. वाटभर मी तिचं नाव सांगायचं ठरवत होतो. तिनंच देऊ केलं होतं. स्वस्तात सुटत होतो.

मोताळ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अंगणात मांडव, पुरुष बाजेवर, सतरंजीवर; ओसरीवर पाळणा टांगलेला आणि बायकांची गर्दी. आम्ही उतरलो तसं बोलणं थांबलं. निरोप पोचला होता, शब्द न् शब्द. एरवी ही माहेरी आली की पायावर पाणी घालायला कोणीतरी धावत यायचं. त्या दिवशी कोणी आलं नाही. पाळण्याशेजारी तिची चुलत बहीण बाळाला घेऊन बसली होती. नाव सांगायला तिला बसवलं होतं हे उघड होतं. ही दारातच थांबली, कुंची हातात, आत जावं की नाही हे न कळून.

मेहुणा उठून माझ्याकडे आला. हसत नव्हता. "जवाईबापू, पैशे काढून ठेवले हायेत," तो म्हणाला. "मोटार उद्या पाहू. आज लेकराचं काम हाय. बसा."

बहिणीकडे त्यानं बघितलंच नाही.

मी बसलो नाही. म्हणालो, "भाऊ, इकडं या. तुमीबी या सारे." मोटारीपाशी गेलो, किल्ली फिरवली, दिवा दाखवला, इंजिन सुरू केलं, विझलेला दिवा दाखवला. झाकण उघडलं. पाचपन्नास डोळे आत. मी मोठ्यानं म्हणालो, की डायनामो चांगला आहे, काल मी जो निरोप पाठवला तो चुकीचा होता.

"मंग काल काऊन इझत नोता?" मेहुण्यानं विचारलं.

तिचं नाव जिभेवर होतं. ती दारात उभी होती, आणि तिच्यामागे त्या सगळ्या बायका, लुगडी निवडताना असतात तशा, डोळे टोकदार करून. तिचं नाव घेतलं असतं तर तिला आत घेतलं असतं, पण जन्मभर त्या घरात तिच्यावर हसले असते. माझं काय, माझ्यावर ते आधीच हसत होते.

"म्या पट्ट्याले तूप-हळद लावली व्हती," मी म्हणालो.

"काऊन?"

"पोळा होता. बैल इकून बसलो. मंग कोणाचे खांदे मळू?"

मग बाजेवरचा एक म्हातारा खाकरला आणि हसायला लागला, आणि मग सगळा मांडव. एकानं विचारलं, आवतण दिलं का मोटारीला? मी म्हणालो, दिलं. बायकांमध्ये एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि हसणं ओसरीभर गेलं. मेहुणा हसायचं नाही असं ठरवून उभा होता, ते त्याला जमेना.

"मंग जेवली का मोटार?" त्यानं विचारलं.

"एक पोळी खाल्ली," मी म्हणालो.

मग तो मोकळा हसला, डोळे पुसले आणि बहिणीकडे वळला. "उभी काऊन बाई? लेकराचा कान तुह्यासाठीच ठेवला हाय." चुलत बहीण पाळण्यापासून उठली. कोणीतरी तांब्या घेऊन धावलं. ही आत गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं, पण मी झाकणाचा पंख लावण्यात गुंतलेला होतो, म्हणजे तसं दाखवत होतो. थोड्या वेळानं ओसरीवरून 'कुर्र' झालं आणि तिच्या पाठीत धपाटे बसल्याचे आवाज आले. नाव तिनंच सांगितलं.

ते हसणं मला महागात पडलं हे मात्र लिहून ठेवतो. पुढे कित्येक वर्षं मोताळ्याच्या बाजारात मी एखाद्या गिऱ्हाइकाला आकडा सांगून तोंड घट्ट केलं, की मागून कोणीतरी विचारायचं, सेठ, मोटार जेवली का? ज्या माणसावर हसता येतं त्याच्या आकड्याला कोणी भीत नाही. मोटारीचा मूळ भाव चढा होता हे माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे. डायनामो चांगला निघाला म्हणून भाव बरोबर होता असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघताना मेहुणा मोटारीच्या दाराशी आला. म्हणाला, बाईला महिनाभर राहू द्या, लेकराला आत्याची सवय होऊ द्या. मला बरं वाटलं. आकडा समोर आला होता आणि या वेळी फुकट न्या म्हणायची सोय त्याला नव्हती. मी म्हणालो, चार दिवस, माय एकटी आहे. तो वीसवर आला. मी दुकान, बाजार, मायचे गुडघे सगळं मांडून आठवर गेलो. तो अठरा म्हणाला. माझं अंग तापलं होतं. हा मनासारखा सौदा होत होता, आणि बारावर तोडायचा हे मी मनात पक्कं केलं होतं.

तेवढ्यात ती बाळाला खांद्यावर घेऊन ओसरीच्या पायरीवर आली. "पंधरा दिवस," ती म्हणाली. "मंग न्याले या." आणि बाळाच्या डोक्यावरची कुंची नीट करत आत निघून गेली.

माझं तोंड उघडंच राहिलं होतं, बारा म्हणायला. मी मेहुण्याकडे पाहिलं. तोही तोंड उघडं ठेवून दाराकडेच बघत होता.